कर्मवीर भाऊराव पाटील : हुन्नराचे दान

आपल्या धर्मात आहारदान, औषधदान, ज्ञानदान आणि अभयदान असे दानाचे चार प्रकार सांगितले आहेत. जुन्नर-आंबेगाव परिसरातील श्रावकांच्या घरी ते मुलांना पाठशाळेतच पाठ होतात. आपल्या ट्रस्टच्या पन्नास वर्षांच्या वाटचालीत या चारही दानांची उदाहरणे घडली आणि दात्यांची नावे संगमरवरी फलकांवर आदराने कोरली गेली. ते योग्यच झाले. परंतु आणखी एक दान असे आहे की ज्याची पावती फाडता येत नाही आणि ज्याला फलकावर जागा मिळत नाही. वैद्याने आपली वैद्यकी, वकिलाने आपला कायदा, हिशेबनिसाने आपली खतावणी, शिक्षकाने आपली विद्या आणि व्यापाऱ्याने आपले व्यवहारचातुर्य मोबदला न घेता एखाद्या संस्थेला देणे, हे ते दान होय. शिक्षणसंस्था म्हणजे शिक्षकांचे आणि सभासदांचे मंडळ. ते केवळ देणग्यांवर उभे राहत नाही, अशा हुन्नराच्या दानावर उभे राहते. या दानाचा महाराष्ट्रातील सर्वांत मोठा दाता शोधू गेल्यास दृष्टी साताऱ्याकडे वळते. ते दाते जन्माने जैन होते, ही गोष्ट आपल्या तालुक्यांतील अनेक जैन बांधवांनाही ठाऊक नसते.

कर्मवीर भाऊराव पायगोंडा पाटील यांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूर संस्थानातील कुंभोज या गावी, आजोळी झाला. बाहुबली क्षेत्रामुळे हे गाव जैन समाजाला परिचित आहे. त्यांचे मूळ गाव सांगलीकडील ऐतवडे बुद्रुक. वडील पायगोंडा सरकारी नोकरीत होते आणि मातोश्रींचे नाव गंगाबाई. कुटुंब दिगंबर जैन आणि शेतकरी होते. आपल्याकडे मंचर, घोडेगाव, नारायणगाव, ओतूर किंवा जुन्नर पेठेत जैन म्हटले की कापडाचे, किराण्याचे अथवा सराफीचे दुकान डोळ्यांसमोर येते. दक्षिण महाराष्ट्रात मात्र शेकडो वर्षे नांगर धरणारा, बैल सांभाळणारा आणि शेतातील विहिरीवर राबणारा जैन समाज नांदत आहे. भाऊराव त्या मातीतले. त्यांच्या सर्व चरित्राला असलेला शेताचा वास येथूनच येतो.

वडिलांच्या बदल्यांमुळे त्यांचे प्राथमिक शिक्षण दहिवडी, विटे अशा ठिकाणी झाले. अभ्यासापेक्षा तालीम आणि पोहणे यांकडे त्यांचा ओढा अधिक होता. अस्पृश्य मानल्या गेलेल्या माणसांना विहिरीवर पाणी मिळत नाही, हे पाहून या मुलाने रहाट मोडून टाकल्याची हकीकत त्यांच्या चरित्रकारांनी नोंदविली आहे. पुढे इंग्रजी शिक्षणासाठी ते कोल्हापूरच्या राजाराम हायस्कुलात दाखल झाले आणि तेथील जैन बोर्डिंगात राहू लागले.

यानंतरचा प्रसंग जैन ट्रस्टच्या स्मरणिकेत लिहावा किंवा कसे, याविषयी मनात थोडा संकोच होता. पण तो गाळला तर भाऊराव समजणार नाहीत. राजर्षी शाहू महाराजांच्या कारकिर्दीत कोल्हापुरात अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह सुरू झाले. त्याच्या उद्घाटन समारंभास भाऊराव गेले. परतल्यावर स्नान करून मगच भोजनगृहात यावे, असा बोर्डिंगचा दंडक होता. भाऊरावांनी स्नान करण्यास नकार दिला. माणसांच्या सभेला जाऊन आल्यावर आपण अपवित्र कसे झालो, हे त्यांना पटेना. बोर्डिंगची व्यवस्था त्या वेळी अण्णासाहेब लठ्ठे पाहत होते. त्यांनी भाऊरावांना वसतिगृहातून काढून टाकले. त्यानंतर काही काळ ते शाहू महाराजांच्या आश्रयाने राहिले.

लठ्ठे हे सामान्य गृहस्थ नव्हते. दक्षिण महाराष्ट्र जैन सभेची स्थापना १८९९ साली झाली. त्या सभेचे ते आधारस्तंभ होते आणि आपल्या समाजातील आरंभीच्या उच्चशिक्षितांपैकी एक होते. पुढे त्यांनी शाहू महाराजांचे इंग्रजी चरित्र लिहिले आणि १९३७ च्या मुंबई प्रांताच्या मंत्रिमंडळात अर्थखाते सांभाळले. अशा सुधारणावादी मनुष्याने ही शिक्षा का केली असावी? संस्था चालविणाऱ्याला दात्यांचे आणि पालकांचे मन राखावे लागते. एका मुलासाठी दंडक मोडला तर उद्या पंचवीस पालक आपली मुले घेऊन जातील, अशी भीती असते. ट्रस्टच्या बैठकांना बसणाऱ्या कोणालाही ही अडचण समजू शकते. पण समजली म्हणून ती योग्य ठरत नाही. त्या दिवशी चुकले ते बोर्डिंग, मुलगा नव्हे, असे माझे स्पष्ट मत आहे. आपल्याच समाजाच्या वसतिगृहाच्या दारातून बाहेर पडलेल्या या मुलाने पुढे ज्या वसतिगृहांची रांग उभी केली, त्यांपैकी एकाही ठिकाणी पंक्तिभेदाला जागा ठेवली नाही.

शाळेतील शिक्षण इंग्रजी सहावीच्या आसपास थांबले. भाऊरावांचा विवाह कुंभोजच्याच पाटील घराण्यातील कन्येशी झाला. सासरी त्यांना लक्ष्मीबाई हे नाव मिळाले. संसार मांडला, पण कमाई नाही, अशी स्थिती होती. तेव्हा साताऱ्यात त्यांनी खासगी शिकवण्या सुरू केल्या. स्वतः मॅट्रिक न झालेला हा तरुण इतरांच्या मुलांना मॅट्रिकच्या वाटेवर नेऊ लागला आणि त्यात त्याचा चांगला जम बसला. शिकविणे हा त्यांच्या हातातील पहिला हुन्नर. याच काळात, १९१० साली, मित्रांच्या साहाय्याने त्यांनी दुधगाव येथे विद्यार्थ्यांसाठी आश्रम काढला. सर्व जातींच्या मुलांनी एकत्र राहून शिकावे, ही कल्पना तेथे प्रथम रुजली.

१९१४ साली कोल्हापुरात ब्रिटिश राजघराण्यातील पुतळ्याला कोणी तरी डांबर फासले. संशयाची सुई अण्णासाहेब लठ्ठ्यांकडे वळविण्यात आली आणि त्यांच्याविरुद्ध साक्ष देण्यासाठी भाऊरावांवर दडपण आणले गेले. विचार करण्याजोगी गोष्ट आहे. ज्यांनी आपणांस वसतिगृहातून घालवून दिले, त्यांच्याविरुद्ध दोन वाक्ये बोलली की सुटका, कदाचित संस्थानात मानाची जागाही. पण ती वाक्ये खोटी होती. भाऊरावांनी साक्ष नाकारली. त्यांना तुरुंगात टाकण्यात आले, छळ झाला. तो इतका असह्य झाला की त्यांनी जीव देण्याचाही प्रयत्न केला. तरीही ते बधले नाहीत आणि अखेर त्यांची सुटका झाली. सत्यव्रताविषयी आपण पर्युषणात व्याख्याने ऐकतो. एखाद्या मनुष्याने ते व्रत कोठडीत, तेही आपल्यावर अन्याय करणाऱ्या माणसासाठी पाळले, याचे याहून बोलके उदाहरण आधुनिक काळात मला तरी माहीत नाही.

सुटकेनंतर भाऊराव फिरते विक्रेते झाले. कराडजवळच्या ओगले काच कारखान्याचे कंदील आणि काचसामान, तसेच किर्लोस्करांचे लोखंडी नांगर त्यांनी गावोगाव विकले. त्यांच्या चरित्रातील या भागाकडे लेखक मंडळी धावती नजर टाकून पुढे जातात. व्यापारी या नात्याने मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो, म्हणून येथे थोडे थांबतो.

लोखंडी नांगर त्या काळी सहज खपणारा माल नव्हता. लोखंडाने जमिनीत विष उतरते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. लाकडी नांगर गावचा सुतार बलुत्यावर करून देई; लोखंडी नांगराला रोख पैसे मोजावे लागत. अशा गिऱ्हाइकापुढे केवळ मालाची स्तुती करून भागत नाही. त्याच्या बांधावर जावे लागते, त्याच्या बैलांना जू लावून तास काढून दाखवावे लागते, तो हसला तर हसू द्यावे लागते आणि पुढच्या हंगामात पुन्हा त्याच गावी जावे लागते. उधारी कोणाला द्यावी, कोणाचा शब्द हुंडीसारखा चालतो, गावात कोणाचे ऐकले जाते, याची पारख असावी लागते. भाऊरावांनी ही विद्या पायपीट करून मिळविली. सातारा आणि आसपासच्या मुलखातील वाटा, पाटील, तालमी, देवळे आणि भांडणे त्यांना माहीत झाली. पुढे त्यांनी याच शेतकऱ्यापुढे दुसरा माल ठेवला, तो म्हणजे शाळा. त्याविषयीही तशीच शंका होती. मुलगा शिकला तर शेत कोण करील, त्याचे मन गावातून उडेल, आणि पैसे कोण भरील? नांगर विकताना ज्या युक्तीने त्यांनी शंका जिरविली, तीच त्यांनी येथे वापरली. गावात जाऊन बसायचे, प्रथम एक तरी मुलगा मिळवायचा, तो शिकून परत आला की त्यालाच तास म्हणून दाखवायचा. हे कौशल्य कोणत्याही अध्यापक विद्यालयात शिकविले जात नाही.

साताऱ्यात धनजीशा कूपर यांनी नांगर आणि शेतीची अवजारे बनविणारा कारखाना उभारला, त्यासाठी भाऊरावांनी आपली ओळखपाळख आणि विक्रीचा अनुभव पणाला लावला. कारखान्याच्या उत्पन्नातील काही भाग बहुजनांच्या शिक्षणासाठी मिळावा, अशी त्यांची धारणा होती. तसे होत नाही असे दिसताच त्यांनी १९२२ च्या सुमारास तो संबंध तोडला. हेच कूपर पुढे १९३७ साली काही महिने मुंबई प्रांताचे पंतप्रधान झाले. भाऊराव तेथेच राहिले असते, तर पैसा आणि प्रतिष्ठा दोन्ही त्यांच्या घरी चालत आली असती. ते तापट होते, हे त्यांच्या सहकाऱ्यांनीही मान्य केले आहे आणि या फारकतीत रागाचा वाटा नव्हता असे नाही. पण त्या दिवसानंतर त्यांनी आपले कसब पुन्हा कोणाही मालकाला विकले नाही. ते सर्वच्या सर्व एका संस्थेच्या पदरात टाकले.

ती संस्था म्हणजे रयत शिक्षण संस्था. तिची स्थापना ४ ऑक्टोबर १९१९ रोजी, विजयादशमीच्या दिवशी, कराड तालुक्यातील काले या गावी झाली. महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक विचारांचा आणि शाहू महाराजांच्या वसतिगृह चळवळीचा हा एकत्रित परिपाक होता. १९२४ साली संस्था साताऱ्यास आली आणि तेथे सर्व जातिधर्मांच्या मुलांचे वसतिगृह सुरू झाले. २५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस असे नामकरण झाले. भाऊराव त्यापूर्वीच खादीधारी झाले होते. मी कापडाचा व्यापारी. खादी घालणाऱ्या माणसाचा व्यापार कसा चालेल हा प्रश्न माझ्या मनात येतो. त्यांनी व्यापारच सोडला, म्हणून तो त्यांना पडला नाही.

हे बोर्डिंग चालले कसे, हे पाहण्यासारखे आहे. मुले स्वतः स्वयंपाक करीत, पाणी भरीत, भाजीपाला पिकवीत, लाकडे फोडीत. धान्य गावोगावच्या शेतकऱ्यांकडून येई. आणि तरीही महिनाअखेरीस ताळा जमत नसे. अशा वेळी लक्ष्मीबाईंचा एकेक दागिना बाजारात गेला, अखेर मंगळसूत्रही गेले. जैन घरातील कर्मठ संस्कारात वाढलेल्या या माउलीने सर्व जातींची मुले आपल्या चुलीजवळ बसविली, त्यांचे आजारपण काढले आणि १९३० साली, बोर्डिंगचे वैभव पाहण्यापूर्वीच देह ठेवला. आपल्या समाजात तपश्चर्या करणाऱ्या स्त्रियांची वरघोड्यातून मिरवणूक काढतात. लक्ष्मीबाईंची तपश्चर्या स्वयंपाकघरात झाली. चार दानांपैकी आहारदान आणि ज्ञानदान एकाच उंबऱ्यावर कसे नांदते, हे पाहायचे असेल तर त्यांचे चरित्र वाचावे.

शिक्षकांनी एकत्र येऊन, अल्प वेतनावर आयुष्य वाहून संस्था चालविण्याची प्रथा महाराष्ट्राला नवी नव्हती. आपल्या जिल्ह्याच्याच ठिकाणी, पुण्यात, १८८४ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली. तिच्या आजीव सभासदांनी वीस वर्षे सेवा देण्याचे बंधन स्वीकारले होते. नामदार गोखल्यांसारख्या गणिताच्या शिक्षकाने दरमहा पंचाहत्तर रुपयांवर काम करून शिवाय वर्गणी गोळा करण्याची आणि चिटणिशीची जबाबदारी वाहिली. टिळक, आगरकर, आपटे, नामजोशी या प्रत्येकाने आपापल्या विषयाबरोबर आपला वेगळा गुण संस्थेला दिला. रयत शिक्षण संस्थेतही आजीव सेवकांची परंपरा निर्माण झाली. परंतु भेद एवढा की पुण्याची मंडळी पदवीधर होती आणि शहरात काम करीत होती. भाऊरावांना शिक्षक हवे होते ते चिखल तुडवून खेड्यात जाणारे. असे शिक्षक तयार मिळत नव्हते. म्हणून त्यांनी ते घडविण्याची व्यवस्था केली. १९३५ साली साताऱ्यात सिल्व्हर ज्युबिली रूरल ट्रेनिंग कॉलेज सुरू झाले. सुताची सोय केल्यावाचून माग मांडणारा विणकर आम्हा कापडवाल्यांच्या धंद्यात टिकत नाही. भाऊरावांनी प्रथम सूत कातले, मग माग मांडला. स्त्री-शिक्षिकांसाठी १९४२ साली जिजामाता अध्यापिका विद्यालय निघाले.

त्यानंतर खेड्यापाड्यांत स्वयंसेवी प्राथमिक शाळांचे जाळे विणले गेले. गावाने जागा द्यायची, बहुधा देऊळ, चावडी किंवा धर्मशाळा. संस्थेने शिक्षक द्यायचा. सरकारकडून मिळेल तेवढे अनुदान घ्यायचे. शिक्षकच मुख्याध्यापक, तोच हिशेबनीस, तोच शिपाई आणि गावाचा कागदपत्र लिहून देणाराही तोच. एका माणसाच्या सर्व गुणांचा उपयोग संस्थेला व्हावा आणि गावालाही, अशी ही मांडणी होती. पुणे शहरात पुणे कराराच्या वर्षी, म्हणजे १९३२ साली, सर्व जातींच्या विद्यार्थ्यांसाठी युनियन बोर्डिंग हाऊस सुरू झाले. १९४० साली साताऱ्यात महाराजा सयाजीराव हायस्कूल निघाले. तेथे मुले श्रम करून शिकत. १९४७ साली छत्रपती शिवाजी महाविद्यालय स्थापन झाले आणि त्या महाविद्यालयात कमवा आणि शिका ही योजना बहराला आली. १९५४ साली कराडला सद्‌गुरू गाडगे महाराजांच्या नावाने महाविद्यालय निघाले, तर १९५५ मध्ये मौलाना आझादांच्या नावाने साताऱ्यात शिक्षक घडविणारे महाविद्यालय.

बोर्डिंगातून बाहेर पडलेली मुले हीच संस्थेची खरी ठेव ठरली. बॅरिस्टर पी. जी. पाटील हे गरीब घरातील विद्यार्थी. ते विलायतेस जाऊन बॅरिस्टर झाले. त्या पदवीवर मुंबईच्या न्यायालयात धनसंचय करता आला असता. ते परत येऊन रयतच्या महाविद्यालयांत शिकवीत राहिले, प्राचार्य झाले आणि पुढे शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरूही झाले. साताऱ्यातील विधी महाविद्यालयाला ज्यांचे नाव दिले आहे, ते इस्माईलसाहेब मुल्ला वकील होते. त्यांचे कायद्याचे ज्ञान संस्थेच्या कामी आले. प्रा. एन. डी. पाटील यांनी शिवाजी महाविद्यालयात अध्यापन केले आणि कालांतराने संस्थेचे अध्यक्षपद सांभाळले. एक मराठा, एक मुसलमान अशी मोजणी येथे करू नये, कारण भाऊरावांनी ती कधी केली नाही. सांगायचे ते एवढेच की ज्याला जे येत होते ते त्याने संस्थेत आणून ठेवले.

भाऊरावांच्या मार्गात अडथळे आले नाहीत असे मुळीच नाही. स्वातंत्र्यानंतर लवकरच मुंबई सरकारशी मतभेद होऊन संस्थेचे अनुदान काही काळ थांबले. शेकडो शिक्षकांचे पगार अडले. परकीय सरकारच्या काळात वाढलेली संस्था स्वकीयांच्या राज्यात बंद पडते की काय, अशी वेळ आली. तेव्हा ज्या शेतकऱ्यांच्या बांधावर भाऊरावांनी नांगर नेला होता, त्यांनी धान्य आणि पैसा आणून दिला. गाडगे महाराजांनी मुख्यमंत्री बाळासाहेब खेर यांच्याकडे शब्द टाकला आणि अनुदान पुन्हा सुरू झाले. संस्थेचे खरे भांडवल तिजोरीत नसते, ते ओळखीच्या माणसांच्या घरात असते, हे त्या वेळी सर्वांना दिसले. फिरत्या विक्रेत्याने पंचवीस-तीस वर्षांपूर्वी केलेली उधारी अशी वसूल झाली, असे मी गमतीने म्हणतो.

१९४८ साली गांधीजींच्या हत्येनंतर भाऊरावांनी महात्माजींच्या स्मृतीप्रीत्यर्थ ग्रामीण भागात एकशे एक विद्यालये काढण्याचा संकल्प सोडला. मंचरला रयत शिक्षण संस्थेचे विद्यालय महात्मा गांधींच्याच नावाने चालते. मंचर येथेच संस्थेचे अण्णासाहेब आवटे महाविद्यालय आहे आणि त्याच्या विज्ञान शाखेला हुतात्मा बाबू गेनू यांचे नाव दिले आहे. बाबू गेनू आंबेगाव तालुक्यातील म्हाळुंगे पडवळचे. १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत परदेशी कापडाची मोटार अडविताना त्यांनी प्राण दिला. कापडाच्या गठ्ठ्यावर बसून चरितार्थ चालविणाऱ्या आम्हा लोकांना हे नाव विसरता येत नाही. डिंभ्याच्या पलीकडील आदिवासी वाड्यांतून आणि घोड नदीच्या काठच्या बागायती गावांतून आलेली मुले येथे एका बाकावर बसतात. शेजारच्या जुन्नर तालुक्यात ओतूरला पुणे जिल्हा शिक्षण मंडळाचे महाविद्यालय, नारायणगावला ग्रामोन्नती मंडळ आणि जुन्नर शहरात श्री शिवछत्रपती महाविद्यालय अशा स्वतंत्र संस्था उभ्या आहेत. त्या रयतच्या नव्हेत. पण खेड्यातील माणसे एकत्र येऊन महाविद्यालय चालवू शकतात, हा विश्वास महाराष्ट्रात कोणी निर्माण केला, हे वेगळे सांगावयास नको.

येथे थोडे विषयांतर करतो. आपले जुन्नर हे नाणेघाटातून कोकणात उतरणाऱ्या जुन्या व्यापारी मार्गावरचे नगर. येथील डोंगरांतील लेण्यांत दोन हजार वर्षांपूर्वीचे ब्राह्मी लेख आहेत. त्यांतील एका लेखात धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याची टाकी दान दिल्याची नोंद आहे. बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कांस्यकारांच्या श्रेणींचेही उल्लेख सापडतात. धंदेवाइकांनी मंडळ करावे आणि त्या मंडळाने विद्या आणि धर्म यांना आश्रय द्यावा, ही रीत या मातीला परकी नाही. भाऊरावांनी तिला शाळेचे रूप दिले. लेणी भिक्षूंसाठी होती, वसतिगृह शेतकऱ्याच्या पोरासाठी, एवढाच फरक.

भाऊरावांनी संस्थेकडून स्वतःसाठी काही मागितले नाही. पांढरी दाढी, खादीचा वेश, अनवाणी पाय आणि हातात काठी, असे त्यांचे रूप साताऱ्याच्या वृद्ध मंडळींच्या डोळ्यांसमोर दीर्घकाळ होते. अपरिग्रह हा शब्द त्यांनी फारसा उच्चारला असेल असे वाटत नाही. जैन म्हणून ते मिरवलेही नाहीत. काही जैन बांधवांना याची खंत वाटते. मला वाटत नाही. ज्या समाजाने त्यांना एकदा दाराबाहेर केले, त्या समाजाचे व्रत त्यांनी घराबाहेर राहून पाळले. आज आपण त्यांचे नाव अभिमानाने घेतो, तर त्या वेळचे दारही आठवले पाहिजे. आपल्या ट्रस्टच्या विद्यार्थी साहाय्य निधीचा लाभ कोणाला द्यावा, यावर सभासदांत मतभेद होतात. या बाबतीत माझे मत मी अनेक सभांत मांडले आहे. अर्जातील जातीचा आणि धर्माचा रकाना काढून टाकावा.

१९५९ च्या प्रजासत्ताकदिनी भारत सरकारने भाऊरावांना पद्मभूषण किताब दिला. त्याच वर्षी पुणे विद्यापीठाने त्यांना सन्माननीय डी. लिट. अर्पण केली. इंग्रजी सहावीशी अडलेल्या विद्यार्थ्याला विद्यापीठाने पंडित मानले. मात्र तोवर प्रकृती ढासळली होती. ९ मे १९५९ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या हयातीत संस्थेने ३८ वसतिगृहे, ५७८ स्वयंसेवी प्राथमिक शाळा, ६ अध्यापक विद्यालये, १०८ माध्यमिक विद्यालये आणि ३ महाविद्यालये चालविली होती. १९८८ साली टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले. २०१९ मध्ये संस्थेने शंभर वर्षे पूर्ण केली आणि २०२१ साली साताऱ्यात त्यांच्या नावाचे विद्यापीठ स्थापन झाले. संस्थेच्या बोधचिन्हावर वडाचे झाड आहे. मंचरच्या विद्यालयात शिकलेल्या कोणालाही ते झाड डोळे मिटून काढता येईल.